साडीतली मरिया: आंजेलो द फोन्सेका यांची गोष्ट

कोणी डोंबिवली फास्टमध्ये उभ्यानं ऐकत असाल, कोणी कल्याणला गाडीची वाट बघत असाल, कोणी रात्री भांडी घासताना. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढला आहे. बोलण्याची भाषा जिथे जमली तिथे तशीच ठेवली आहे.

आजचा प्रश्न साधा वाटेल. येशूची आई मरिया. तिचं चित्र डोळ्यांसमोर आणा बरं. अंगावर काय आहे? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळा झगा येईल, डोक्यावरून पांढरा किंवा निळा पदर घेतल्यासारखं वस्त्र, गोरा चेहरा, खाली झुकलेले डोळे. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना तर हे चित्र आईच्या चेहऱ्याइतकं ओळखीचं असतं, पण जे ख्रिस्ती नाहीत त्यांनाही ते माहीत असतं. चर्चमध्ये बघितलेलं असतं, टॅक्सीच्या आरशाला लटकलेलं बघितलेलं असतं.

आता त्याच मरियेला साडी नेसवा. पायांत चप्पल नको. मांडी घालून जमिनीवर बसू द्या, मांडीवर सावळं बाळ. १९३०च्या सुमारास एका गोवेकर चित्रकारानं हे केलं, आणि त्यासाठी त्याला स्वतःचा गोवा सोडावा लागला. त्याचं नाव आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, मृत्यू १९६७. त्याच्या आयुष्याची जवळजवळ चार दशकं पुण्यात, शिवाजीनगरला गेली, तरी मराठी वाचकाला हे नाव क्वचितच माहीत असतं.

आधी आपल्या कल्याण-ठाण्याकडे बघू

गोव्याला जाण्याआधी घराजवळची दोन साक्षीपत्रं बघूया, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच कळेल.

पहिलं कल्याणचं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी होता. पुढे तो साधू झाला आणि त्यानं प्रवासवर्णन लिहून ठेवलं. त्यात तो ‘कल्लियाना’ नावाच्या बंदराचा उल्लेख करतो आणि सांगतो की तिथे ख्रिस्ती लोक आहेत, त्यांचा बिशपही आहे, आणि त्या बिशपाची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या सुमारे साडेनऊशे वर्षं आधी. पोर्तुगीज नाहीत, लिस्बन नाही, रोमही नाही. खाडीतून येणारी गलबतं, इराणी आखातातले व्यापारी आणि त्यांच्यासोबत आलेला एक धर्म.

दुसरं ठाण्याचं. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा दुसरा एक साधू इथे आला, त्यानं त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या घेऊन तो थेट चीनला गेला. या चौघांपैकी एक जण इटलीतल्या सिएना शहराचा होता. त्याच सिएनाच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आंब्रोज्जो लोरेंझेत्ती या मोठ्या चित्रकारानं साधूंच्या हौतात्म्याचं एक भित्तिचित्र काढलं. ते ठाण्याच्याच प्रसंगाचं आहे असं काही अभ्यासकांचं मत आहे, काहींना ते पटत नाही. पण चित्र बघण्यासारखं आहे. लोरेंझेत्तीनं पूर्वेकडचा देश कधी बघितला नव्हता. म्हणून त्यानं इमारत काढली इटलीतल्यासारखी, आणि पूर्वेकडची माणसं दाखवायची म्हणून काहींना मंगोल वळणाचे चेहरे आणि टोप्या दिल्या.

यात लोरेंझेत्तीचा दोष काही नाही. चित्रकार असंच करतो. जे बघितलं नाही ते, जे बघितलं आहे त्याच्या आधारानं काढतो. इटलीच्या चित्रकारांनी मरियेला इटालियन केलं, फ्लँडर्सच्या चित्रकारांनी तिला तिकडच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बसवलं. मरिया तर मुळात आशियातली, गालीलमधल्या नाझरेथ गावची. तिचा तो प्रसिद्ध निळा रंगसुद्धा ज्या दगडापासून करत, तो लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून जायचा. सोन्याच्या तोडीचा महाग, म्हणून मरियेसाठी राखून ठेवलेला. पण शेकडो वर्षांत या चित्रांची इतकी सवय झाली की ती चित्रं आहेत हेच लोक विसरले. तो फोटोच आहे असं वाटू लागलं. फोन्सेकांची टक्कर झाली ती या विसरण्याशी.

गोव्यात कपडे हा कायद्याचा विषय होता

गोव्यात ख्रिस्ती धर्म आला तेव्हा सुरुवातीला सगळंच परकं नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. ज्या छंदात ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली त्याच छंदात येशूची कथा. शब्दांनी येशूला देशी कपडे घालायचं काम तीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं.

मग हवा बदलली. १६८४ साली व्हाइसरॉयनं हुकूम काढला की स्थानिक भाषा सोडून लोकांनी पोर्तुगीज शिकावी, त्यासाठी तीन वर्षांची मुदत. आणि गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, ते तर १५६०पासून मांड ठोकून होतंच. त्याच्या १७३६ सालच्या एका जाहीरनाम्यात धर्मांतरित लोकांनी काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे. लग्नात काय गाऊ नये, काय वाटू नये, अंगणात तुळस लावू नये. आणि त्यातच येतं की पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. आपल्या अ. का. प्रियोळकरांनी या इन्क्विझिशनवर पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं वाचायला मिळतं.

इथे जरा थांबूया. चोळी घालू नये. म्हणजे बाईच्या अंगावरचं वस्त्र हा श्रद्धेचा पुरावा ठरवला गेला. असे नियम कागदावर किती पाळले गेले आणि घराघरांत किती मोडले गेले ही वेगळी गोष्ट. पण दोनशे वर्षं ही शिकवण मुरली की तिचं काय होतं? तिला कायद्याची गरज उरत नाही. धर्मन्यायालय १८१२ साली कायमचं बंद झालं, पण चांगला ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीज बोलणारा, पोर्तुगीज पेहरावातला, ही कल्पना गोव्याच्या वरच्या थरातल्या घरांत टिकली. ती आता प्रतिष्ठा झाली होती.

उत्तर कोकणात मात्र गोष्ट जरा निराळी घडली. त्या जाहीरनाम्याच्या पुढच्याच वर्षी, १७३७ला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं पोर्तुगीजांच्या हातून गेलं, १७३९ला वसई गेली. इथले ख्रिस्ती इथेच राहिले, मराठीच्या बोलींत बोलत राहिले, शेती आणि मासेमारी करत राहिले. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. पण त्यांच्या आज्या लुगडंच नेसत होत्या. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या परिसरातल्या जुन्या घरांत, वसईच्या वाड्यांत, लुगडं नेसून मिसेला जाणारी आजी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. ती मरियेपुढे गुडघे टेकायची तेव्हा टेकणारी लुगड्यात असायची आणि जिच्यापुढे टेकायची ती झग्यात. हे अंतर कुणाला खटकत नव्हतं. फोन्सेकांना खटकलं.

जे.जे. सोडून शांतिनिकेतन

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह बेटावरचा. आसपासचे लोक त्याला जुवें म्हणतात. चहूकडून नदीचं पाणी, आणि गोव्यात हे गाव तिथल्या भेंडीसाठी प्रसिद्ध. घर सुखवस्तू, ख्रिस्ती. शिक्षणासाठी मुलगा ब्रिटिश हद्दीत आला आणि कलेकडे वळून मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

त्या काळचं जे.जे. म्हणजे युरोपियन अभ्यासक्रमाचं घर. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन, छायाप्रकाश, तैलरंगातली व्यक्तिचित्रं. याच शाळेतून धुरंधरांसारखे उत्तम चित्रकार आले, त्यामुळे ती शिकवण टाकाऊ होती असं कुणी म्हणणार नाही. पण फोन्सेकांना जे शोधायचं होतं ते तिथे नव्हतं. ते जे.जे. सोडून बंगालमध्ये गेले, शांतिनिकेतनला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू.

बंगालच्या या मंडळींनी अजिंठ्याकडे, राजपूत आणि मुघल लघुचित्रांकडे नव्यानं बघायला सुरुवात केली होती. आणि एक तंत्र त्यांनी जपानकडून घेतलं होतं. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले होते, त्यांचं काम बघून अवनींद्रनाथांनी ‘वॉश’ पद्धत आपलीशी केली. कागदावर जलरंगाचा पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. जो रंग निघून जायचा तो जातो, जो कागदात शिरलाय तो राहतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं कितीतरी वेळा. शेवटी चित्रावर धुक्यासारखा एक थर येतो, रंग कागदावर ठेवल्यासारखा दिसत नाही, कागदाच्या आतून उजळल्यासारखा दिसतो.

देवाचं चित्र काढणाऱ्याला हे तंत्र किती उपयोगी पडेल बघा. युरोपियन तैलचित्रात प्रकाश खिडकीतून येतो किंवा आकाशातून. वॉशच्या चित्रात प्रकाशाला दिशाच नसते, तो माणसातच असतो.

घरी परतल्यावर

१९३०च्या सुमारास फोन्सेका गोव्यात परतले आणि त्यांनी मरियेची, येशूची, संतांची चित्रं भारतीय रूपात काढायला सुरुवात केली. मरिया साडीत, अनवाणी, गोवेकर किंवा कोकणी बाईच्या चेहऱ्याची.

विरोध चर्चच्या मंडळींकडून झाला आणि प्रतिष्ठित ख्रिस्ती घरांकडूनही. ही देवाची थट्टा आहे, मरियेचा अपमान आहे असा सूर लागला.

यावर आज हसू येईल, पण काळ बघायला हवा. १९३० साली पोर्तुगालनं ‘वसाहत कायदा’ आणला, त्यानं वसाहतीतल्या माणसाची जागा अधिकच खाली ढकलली. १९३३पासून सालाझारची हुकूमशाही घटनेनं पक्की झाली. सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १९३०लाच मिठाचा सत्याग्रह झालेला, खादी हा बंडाचा गणवेश झालेला. अशा वेळी पोर्तुगीज गोव्यात देवाच्या आईला साडी नेसवणं हे नुसतं चित्र राहत नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपलं स्थान ‘आम्ही वेगळे, आम्ही जवळजवळ युरोपियन’ यावर उभं केलं होतं, त्यांना या चित्रानं आरसा दाखवला. मरियेचा चेहरा आपल्या मोलकरणीसारखा असू शकतो, ही गोष्ट पचायला जड होती. आणि अपमान नेमका कुणाचा झाला असं त्यांना वाटलं, मरियेचा की स्वतःचा, हे तुम्हीच ठरवा.

फोन्सेकांनी गोवा सोडला आणि ते पुण्याला आले.

पुण्यात आसरा मिळाला तो कुणाकडे?

इथे गोष्ट आपल्या मराठी अंगणात येते.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला शाळेतल्या कवितांमुळे आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे माहीत असतात. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. येशूवर अभंग लिहिले. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, कारण त्यांना मिशनच्या चौकटीबाहेरचा, या मातीतला ख्रिस्ती समाज हवा होता. दोन वर्षांत, १९१९ला, ते गेले.

अहमदनगर भागात काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन धर्मोपदेशकावर टिळकांचा मोठा ठसा होता. त्यानं १९२३ला टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याआधी १९२२ साली त्यानं ‘ख्रिस्त सेवा संघ’ नावाचा आश्रम सुरू केला. युरोपियन आणि भारतीय एकत्र राहणार, एकाच पंगतीत जमिनीवर बसून जेवणार, खादी वापरणार, प्रार्थनेत भजनं म्हणणार. १९२०च्या दशकाच्या शेवटी हा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. पुढे आदिवासींमधल्या कामामुळे प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन १९२७ला इंग्लंडहून आले ते याच आश्रमात. १९३४नंतर इथल्या संघाचं नाव ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ झालं.

या आश्रमात फोन्सेकांना राहायला जागा मिळाली, काम करायला जागा मिळाली. आता यातला विरोधाभास बघा. फोन्सेका कॅथलिक. त्यांना नाकारलं त्यांच्याच धर्मबांधवांनी, त्यांच्याच देशबांधवांनी. आणि सांभाळलं कुणी? दुसऱ्या पंथाच्या इंग्रजांनी, ज्यांना एका मराठी कवीनं शिकवलं होतं की येशू अभंगातही राहू शकतो. स्टीफन्सनं ओवीत जे केलं, टिळकांनी अभंगात जे केलं, ते फोन्सेका रंगात करत होते.

आणखी एक आधार मुंबईत होता. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर हेन्री हेरास. स्पॅनिश जेझुइट, मोहेंजोदडोच्या लिपीमागे वेड लागलेले इतिहासकार. त्यांनी १९२६ला सुरू केलेली इतिहास संशोधन संस्था आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. हेरास भारतीय शैलीतल्या ख्रिस्ती कलेचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांनी फोन्सेकांना प्रोत्साहन दिलं, त्यांची चित्रं जमवली. त्याच काळात आंजेला त्रिंदाद, म्हणजे जे.जे.मधले प्रसिद्ध चित्रकार आ. झे. त्रिंदाद यांची मुलगी, याही भारतीय रूपातली मरिया रंगवत होत्या. तेव्हा फोन्सेका एकटे नव्हते. पण मरेपर्यंत दुसरं फारसं काही न करता हेच करत राहणारे बहुधा तेच.

चित्रात दिसतं काय?

फोन्सेकांच्या मरियेकडे बघताना पहिल्यांदा जाणवते ती तिची बसण्याची पद्धत. सिंहासन नाही, खुर्ची नाही. आपल्याकडे बाई पोराला घेऊन जशी जमिनीवर बसते तशी ती बसते. साडीच्या निऱ्या खऱ्या वाटतात, कारण काढणाऱ्यानं साडी नेसलेल्या बायका आयुष्यभर बघितल्या आहेत. पुढे त्यांचं आयव्ही यांच्याशी लग्न झालं, आणि मरियेच्या चेहऱ्यात आयव्हींचा चेहरा दिसू लागला. युरोपातल्या चित्रकारांनीही आपापल्या बायकांना मरिया केलं होतंच. इथे फरक एवढाच की ही बायको आपल्याकडची होती.

दुसरी गोष्ट शांतपणा. त्यांच्या चित्रांत नाट्य कमी. गोव्यातच जन्मलेला, त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान फ्रान्सिस न्यूटन सूझा आठवून बघा. त्याचा क्रूसावरचा येशू काट्याकुट्यांचा, ओरबाडलेला, चर्चवरचा सगळा राग त्यात ओतलेला. दोघेही एकाच कॅथलिक गोव्याची लेकरं. सूझा भांडून बाहेर पडला आणि जगप्रसिद्ध झाला. फोन्सेकांना बाहेर काढलं तरी ते आतच राहिले, श्रद्धावान कॅथलिक म्हणून जगले. राग विकला जातो, भक्तीला गिऱ्हाईक कमी.

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. भारतीय रूप म्हणजे नेमकं कुणाचं रूप? अजिंठा, कमळ, समई, ध्यानाची मुद्रा, ही भारतीयता बरीचशी वरच्या जातींच्या, ग्रंथांतल्या परंपरेची. नगर जिल्ह्यात ज्यांनी मोठ्या संख्येनं ख्रिस्ती धर्म घेतला ते महार आणि मांग समाजातले लोक होते. जी परंपरा त्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हती, तिचीच चिन्हं चर्चमध्ये आली तर त्यांना ती आपली का वाटावीत? पुढच्या काळात दलित ख्रिस्ती विचारवंतांनी हा आक्षेप भारतीय वळणाच्या ख्रिस्ती कलेवर आणि आश्रमांवर घेतला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. फोन्सेकांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की त्यांची जमिनीवर बसलेली, अनवाणी बाई ग्रंथातून आलेली नाही. ती अंगणातून आलेली आहे. आणि गोव्याच्या बड्या घरांना ती बोचली ती नेमकी त्यामुळेच.

परवानगी उशिरा येते

रोममध्ये सगळेच विरोधात होते असं नाही. चेल्सो कोस्तांतिनी नावाचे धर्माधिकारी १९२२ ते १९३३ चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी होते. त्यांनी चिनी चित्रकारांना चिनी पद्धतीनं येशू काढायला सांगितलं आणि देशोदेशीच्या ख्रिस्ती कलेचा पुरस्कार केला. पण एखाद्याचा पाठिंबा वेगळा आणि चर्चचं अधिकृत धोरण वेगळं. ते आलं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ४ डिसेंबर १९६३च्या दस्तऐवजात चर्चनं स्पष्ट म्हटलं की कुठलीही एक शैली आमची स्वतःची नाही, सर्व देशांच्या आणि काळांच्या कलेला इथे जागा आहे. तोवर फोन्सेकांनी तीस वर्षांहून अधिक काळ तेच काम करून झालं होतं.

या उशिराचा अर्थ कळायला एकदम जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, कॅरिबियन बेटांवर. तिथेही हाच प्रश्न होता, फक्त साडीच्या जागी कातडीचा रंग होता. गुलामांच्या वंशजांनी गोऱ्या येशूपुढे किती दिवस गुडघे टेकायचे? हैतीची राजधानी पोर्तो प्रिन्स इथे १९५०-५१ साली होली ट्रिनिटी कॅथेड्रलच्या भिंती स्थानिक चित्रकारांनी रंगवल्या. बायबलातले प्रसंग, पण माणसं हैतीची, खेडी हैतीची. गंमत म्हणजे हे कॅथेड्रलही कॅथलिक नव्हतं, अँग्लिकन परंपरेतलंच होतं. पुण्यासारखंच. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात ते कोसळलं, चौदा भित्तिचित्रांपैकी तीनच वाचली.

सेंट लुशिया या छोट्या बेटावर डन्स्टन सेंट ओमर हा कॅथलिक चित्रकार झाला. नोबेल मिळवणारा कवी डेरेक वॉलकॉट याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि त्या देशाचा झेंडाही यानंच काढलेला. १९७३ साली त्यानं रोझो खोऱ्यातल्या चर्चमध्ये वेदीमागची अख्खी भिंत रंगवली. काळी मरिया, काळा योसेफ, काळं बाळ, आणि भोवती त्याच खोऱ्यातली माणसं. आज लोक ती भिंत बघायला लांबून येतात.

१९७३ म्हणजे परिषदेनंतरचं दशक. सेंट ओमरला भिंत मिळाली, वेदी मिळाली, समोर बसून प्रार्थना करणारं गाव मिळालं. फोन्सेका एक पिढी आधी जन्मले. त्यांच्या वाट्याला आले मुख्यतः कागद. पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा रंगवलेले, नाजूक, पावसाळ्यात बुरशी धरणारे कागद. चर्चच्या भिंतीवर असतं तर गावानं सांभाळलं असतं. कागद सांभाळायला माणूस लागतं.

सांभाळणारी

डिसेंबर १९६७मध्ये फोन्सेका पुण्यात वारले. गोवा मुक्त होऊन सहा वर्षं झाली होती, चर्चचं धोरण बदलून चार. म्हणजे ज्या दोन गोष्टी त्यांच्या आड आल्या, त्या दोन्ही संपलेल्या त्यांनी बघितल्या, पण त्याचा फायदा घ्यायला वेळ उरला नाही.

मागे राहिली ती शेकडो चित्रं, आणि आयव्ही. पुढची जवळजवळ चार दशकं त्यांनी ती जपली. तेव्हा या चित्रांना बाजार नव्हता, नाव नव्हतं. शेवटी मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे गेला. जेझुइटांची संस्था. ज्या गोव्यातून ही मरिया बाहेर पडली, त्याच गोव्यात कॅथलिक संस्थेच्या छपराखाली ती परत आली. मग प्रदर्शनं झाली, लेख आले, अभ्यासक आले.

कलेचा इतिहास बहुतेक वेळा काढणाऱ्याचा सांगितला जातो. राखणारी वहीच्या समासात राहते. पण ही चित्रं रद्दीत गेली असती तर फोन्सेका म्हणजे जुन्या कागदपत्रांतला एक उल्लेख उरला असता.

मग यात आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही ख्रिस्ती नाही, आम्हाला काय त्याचं. पण आपल्या देवघरातल्या तसबिरी बघा. राजा रविवर्म्यानं लक्ष्मी-सरस्वतीला जी साडी नेसवली ती आज आपल्याला सनातन वाटते. ती शिळाप्रेसवर छापून घराघरांत गेली १८९४नंतर. आधी त्या देवी अशा दिसत नव्हत्या. देवाला कुणीतरी माणूसच कपडे घालतो, आणि एकदा घातले की आपण त्या माणसाला विसरतो. लक्ष्मीला साडी नेसवणाऱ्याला आपण डोक्यावर घेतलं. मरियेला साडी नेसवणाऱ्याला गाव सोडावं लागलं. दोन चित्रांत वस्त्र एकच, फरक पडला तो बघणाऱ्याच्या मनातल्या भीतीमुळे. आपण ज्यांच्यासारखे व्हायला धडपडतो, त्यांच्यासारखा आपला देव दिसला नाही तर आपलं काय होणार, ही ती भीती. ती फक्त गोव्याची नाही, फक्त ख्रिस्ती लोकांचीही नाही.

गोव्याला गेलात तर एक दुपार समुद्राऐवजी पर्वरीला द्या, चित्रं कधी बघायला मिळतात याची आधी चौकशी करून जा. आणि ठाण्यात मासुंदाच्या काठानं जाताना सेंट जॉन चर्चकडे जरा थांबून बघा. तिथे लुगडं नेसून येणाऱ्या आज्या आता कमी झाल्या आहेत. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत अशी कुणी आजी असेल, तिच्या घरच्या वेदीवर कुठली तसबीर होती, कुठून आणली होती, हे तिला विचारा आणि आम्हाला लिहून कळवा. अशा आठवणी कुठल्याच संग्रहालयात नसतात.

आजच्यापुरतं इतकंच. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.